उजव्या बाजूची लाल काच

चार वर्षं झाली. काराबेला आता चालते.
इंजिन बसवलं, रेडिएटर पाझरायचा थांबला,
मागच्या सीटवर कोंबड्यांनी घातलेली शेवटची अंडी
दोन्या एल्सिराची सून परातीत मोजून घेऊन गेली,
गाडीच्या किमतीत ती धरली नव्हती म्हणाली.

घोडं पेंड खातंय ते एका काचेपाशी.
काच म्हणायची, खरं तर प्लास्टिकच :
मागच्या मडगार्डाच्या पाठीवर पालथी निजलेली,
वीतभर लांब, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल.
डावी आहे.
उजवी नाही.

एंत्रे रिओसमध्ये सुटा भाग मागायचीही रीत आहे.
फाटकाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या
कुत्रं भुंकून दमेपर्यंत.
मग माते. कडू. नळी एक, ओठ सगळ्यांचे.
मग नदी किती चढली, जवसाला काय भाव,
कोण गेलं, कशानं गेलं,
आणि गेलेल्याच्या शेडमध्ये काय काय पडून आहे
हे सांगता सांगता म्हातारी स्वतःच किल्ली काढते.
घाई केली तर किल्ली सापडत नाही.

असं नोगोयाला दाराचं हँडल मिळालं,
कपाटाच्या खणाला लावलेलं.
दंतवैद्याच्या विधवेकडे डॅशबोर्डचं घड्याळ, बंद,
पण बंद पडलेलं माझ्याच गाडीचं.
एका पाद्र्याकडे हबकॅप; त्यात तो मांजराला दूध द्यायचा.
मी बदली चिनीमातीची बशी नेली.
मांजराला ती पसंत नाही, असा नंतर निरोप आला.

फ्रोइलान, माझा मेव्हणा, म्हणतो
लाव एखादी साधी लाल काच,
मागून कोण बघतंय?
त्याला काय सांगू.
मागूनच तर बघतात.
गाडी निघून गेली की लोकांकडे
तेवढंच उरतं.

मे महिना, पानगळ, ऊन कललेलं.
आडरस्त्याला लाल फडक्यांचं ते ठाणं.
ट्रकवाले इथे हॉर्न देऊन जातात,
न देणाऱ्याचं चाक बसतं म्हणे.
सिगारेटी, दारूची अर्धी बाटली,
कुणाच्या तरी बऱ्या झालेल्या पायाचं प्लास्टर,
आणि मेणबत्तीला वारा लागू नये म्हणून
तिच्यापुढे उभी केलेली
ती.

मी हॉर्न दिला. मग इंजिन बंद केलं.
रस्ता दोन्हीकडे रिकामा. एक गाय होती,
ती काही साक्ष देणार नव्हती.
पत्र्यावर ब्रशनं नाव : एबेर.
जन्माचं साल, मरणाचं साल, मध्ये एकोणीस वर्षं.
काच कुठून आली
हे मग विचारावं लागलं नाही.

किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक.
खिशातला स्क्रू ड्रायव्हर का चाचपत होतो,
तिला तर स्क्रूच नव्हता.
उचलली. मेणाचे ओघळ अंगठ्यानं खरवडले,
उलटी केली. साचा परदेशी, ठसाही त्यांचाच : एल.
डावी.

डावी माझ्याकडे आहे.

होती तिथे ठेवली, जरा वाऱ्याच्या अंगाला फिरवून.
लायटरनं मेणबत्ती लावली.
एबेरशी काय बोलावं सुचेना,
म्हणून सांगितलं की नदी उतरली.

उजवी असती तर?
फ्रोइलाननं हे विचारलं नाही.
मी मात्र गॅरेजचा दिवा मालवताना
रोज वेगळं उत्तर देतो.

त्या रात्री नाक्यावर पोलिसानं शिट्टी मारली.
उजवीकडे अंधार आहे, म्हणाला.
म्हटलं, माहीत आहे. शोधतोय.
त्यानं टॉर्च मडगार्डावरून सावकाश फिरवला,
टोपी मागे सारली,
त्याच्या आजोबांकडे अशीच होती म्हणाला, हिरवी.

शेड आहे का अजून, हे अगदी ओठांवर आलं होतं.
गिळलं.
विचारलं, तुमच्याकडे पाऊस कसा काय यंदा?