त्याच कॅसेटवर

झुझुना काकू,
वालिकोच्या मयताची कॅसेट मशीनमध्ये अडकून फाटली नव्हती.
मी खोटं बोलले होते.
अठ्ठावीस वर्षांनी सांगतेय.

त्या हिवाळ्यात चियातुरात वीज यायची
रात्री दोनला, तासभर, कधी तेवढीही नाही.
आई उठून पाव भाजायला घ्यायची,
शेजारचा तेमो रेडिओ लावायचा,
आणि मी कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावून
तिच्यापुढे बसायचे,
दूध उतू जाईल म्हणून बसावं तशी.

कॅमेरा मामाचा. मामा रशियात गेला तो गेलाच,
मागे हा ठेवून, आणि थोडी उधारी.
मी लग्नं टिपली दोन. बाकी सगळी मयतं.
लोक लग्नं पुढे ढकलत होते,
दुसरं काही ढकलता येत नव्हतं.
मजुरी म्हणजे राजमा, सरपण,
एकदा जिवंत कोंबडी,
ती कॅमेऱ्याच्याच पिशवीतून घरी आणली.
पिसं महिनाभर लेन्सच्या झाकणात सापडत होती.

तिबिलिसीतल्या संस्थेनं दोनदा परत पाठवलं.
दुसऱ्यांदा तर साहेबांनी माझी नखं बघितली,
मँगनीजनं काळी, घासून न निघणारी,
आणि विचारलं, "तुमच्याकडे नर्सिंगचं काही नाही का?"
मग मयतांतच शिकले.
रडणाऱ्याच्या समोर उभं राहायचं नाही,
बाजूला, अर्धं पाऊल मागे.
हात बघायचे. चेहरा माणूस सांभाळतो,
हात विसरतो.

ट्रॉली कुठली? आमच्याकडे रोपवे होता,
खाणीकडे चढणारा गंजका डबा.
काचेला कॅमेरा टेकवला की
गाव खालून सरकायचं,
काळी नदी, दोरीवरच्या चादरी, कुणाचं तरी कुत्रं.
इतका सावकाश, इतका थरथरता शॉट
पुढे भाड्याच्या महागड्या क्रेननंही दिला नाही.

तुमच्या मयताच्या दुसऱ्या दिवशी
मध्येच वीज गेली.
दरीवर लटकलो तीन तास, आम्ही चौघं.
डबा चालवणारी लामारा,
तिनं मक्याची गार भाकरी चार ठिकाणी मोडली
आणि बोलायला लागली,
नवरा, खाण, पोटातच गेलेली मुलगी,
एरवी जे कुणी कुणाला सांगत नाही ते,
खाली जमीन नसताना.

पिशवीत कोरी कॅसेट नव्हती.
होती ती तुमची.
पंचवीस मिनिटं, बॅटरीचा जीवच तेवढा.
"काय बघतेस?" लामारा म्हणाली, "बोलू की थांबू?"
मी कॅसेट मागे गुंडाळली.
लाल बटण दाबलं.

आठवड्यानं तुम्ही दारात आलात,
ओच्यात अक्रोड घेऊन.
"मजुरी कमी पडली का गं पोरी,
म्हणून देत नाहीस?"
मी मशीनचं कारण सांगितलं.
अक्रोड ठेवून घेतले.

त्या पंचवीस मिनिटांतून अकरा काढली,
ती लाइपझिगला गेली, मग मीही गेले,
मग एकातून एक, सात चित्रपट.
मुलाखतीत संघर्षाबद्दल विचारतात.
मी विजेचं सांगते, कोंबडीचं सांगते.
कोंबडीवर सगळे खूश होतात.

पण काकू, त्या दिवशी थंडीनं
माझी बॅटरी जरा आधीच मेली.
लामारा वाक्याच्या अर्ध्यात तुटते, पडद्यावर मुंग्या येतात
आणि मग चार सेकंद तुम्ही.
संकलक म्हणाला, काप. मी नाही कापलं.
कुणीतरी लिहिलं, शेवट फार धाडसी आहे.

ते चार सेकंद वेगळे काढून पाठवतेय,
तेमोचा मुलगा टीव्हीला लावून देईल.
वालिको त्यात दिसत नाही,
कोटाची कॉलर तेवढी दिसते,
आणि ती नीट करणारा तुमचा हात.
दोनदा करता तुम्ही.
पहिल्यांदाच नीट बसली होती.