काखेत कळसा

उणे अठ्ठावीसला फोन मरतो.
चौसष्ट टक्के, एकसष्ट, आणि एकदम
काळा आरसा. त्यात आपलंच लाल नाक.
मग तो आत घ्यायचा, कपड्यांचे तीन थर ओलांडून
काखेत, थर्मामीटरसारखा,
आणि चालत राहायचं.
काखेत कळसा, गावाला वळसा:
आमच्या मंडळाची घटना एवढीच.

रविवारी साडेआठला, उजाडता उजाडता,
गोठलेल्या तूल नदीवर जमतो आम्ही.
उलानबातरची धुराडी त्या वेळी
एकाच अंगाला कललेली असतात,
कुणीतरी हाक मारल्यासारखी.

दुलमा रसायनशास्त्र शिकवते, विषय ती देते.
या वेळचा: वाफ.
गोम्बो ट्रॉलीबस चालवतो;
त्याच्या सगळ्या फोटोंत कुठेतरी वरून
एक तार जातेच.
त्सेंद-आयुशचा फोन नवा, तीन डोळ्यांचा,
पण हात भित्रा.
मी दातांच्या दवाखान्यात.
दिवसभर लोकांच्या तोंडात उजेड पाडते,
रविवारी जरा बाहेर.
दर खेपेला एक जण नवा येतो,
तो पुन्हा येत नाही.
आणि एनेबिश.

एनेबिश म्हणजे 'हा नव्हे'.
आधीची दोन पोरं पाळण्यातच गेली,
म्हणून आईनं हे नाव ठेवलं:
मरण दाराशी आलंच तर सांगता यावं,
हा नव्हे, तुमचं घर चुकलं.
एकसष्ट वर्षं झाली. युक्ती चाललेली दिसते.

तो काढतो आणि पुसतो.
घोड्याच्या नाकपुडीतून निघालेली वाफ: पुसली.
गटाराच्या झाकणावर शेकत बसलेलं कुत्रं: पुसलं.
आम्ही ओरडतो, अरे दाखव तरी!
तो अंगठ्याने ढकलून देतो.
बायको गेल्यावर घरातल्या वस्तूही
अशाच एकेक करून दिल्या म्हणे त्यानं.
हे गोम्बोनं सांगितलं. एनेबिशनं नाही.

हातमोज्यातल्या बोटाला काच ओळखत नाही,
मोजा काढला तर बोट आपलं राहत नाही.
म्हणून आम्ही नाकाने फोटो काढतो.
खरंच. कॅमेरा धरायचा, नेम साधायचा,
डोळे मिटायचे आणि टेकवायचं नाक.
नको तिथे नाक खुपसू नकोस, म्हणायची आई.
आई, इथे खुपसल्याशिवाय निघतच नाही काही.

दुलमानं थर्मासातल्या चहाचा एक थेंब
काडीने लेन्सवर ठेवला. दूध, मीठ, सगळ्यासकट.
थेंबातून जवळचं मोठं दिसतं, म्हणाली.
दिसलं. दोन सेकंद.
मग थेंबाला कडेने पानं फुटली,
पांढरी, दातेरी,
आणि पलीकडचं औष्णिक केंद्र
नेच्याच्या झुडपात उभं राहिलं.
कुणालाच बोलायला सुचेना.
त्सेंद-आयुश म्हणाली, आता पुसायचा कसा?
दुलमानं जिभेने चाटला.

परत येताना नदीच्या मधोमध
पुन्हा सगळ्यांचे फोन एकदम जागे झाले,
सूर्य दोन बोटं वर, धूर सोन्याचा वगैरे,
आणि आम्ही सगळे वाकलो. नाकं टेकवली.
एनेबिश मागे राहिला होता, बुटाची नाडी बांधत.

बूझच्या दुकानात शिरल्याबरोबर
सगळ्या लेन्सवर धुकं.
झाकण उघडलं की टेबलावर मटणाची वाफ.
विषय असा पायाशी लोळत आला
तेव्हा कुणीच काढला नाही; भूक लागली होती.

एनेबिशनं फोन मधे ठेवला.
तिरका, थोडा हललेला फोटो:
बर्फावर पाच माणसं,
प्रत्येक आपापल्या हातातल्या कशावर तरी वाकलेलं,
डोळे मिटून, जणू तान्ह्या पोराची
टाळू हुंगत आहेत.
प्रत्येकाच्या तोंडापुढे एक ढग,
आणि वर एक तार. गोम्बो खूश.

अंगठा वर आला.
आम्ही चॉपस्टिक खाली ठेवल्या.
अंगठा तिथेच थांबला, मग त्यानं तो
चहाच्या वाटीवर नेला.
'एने,' म्हणाला. हा.
अर्धंच नाव.

तेवढ्यात फोन पुन्हा मेला.
एनेबिशनं कोटाची बटणं सोडली.