दाराबाहेर तर्री

तीस वर्षं मी कापसाला दोष दिला.
गोळीबार चौकातलं दुकान,
दोन मशीन, एक इस्त्री,
आणि उन्हाच्या तिरिपेत तरंगणारी कापडाची भुकटी.
रात्री छाती वाजायला लागली की म्हणायचो,
धंद्याचं आहे, धंद्यासोबत जाईल.

मेडिकल चौकातल्या डॉक्टरीणबाईंनी
हात उताणा ठेवायला सांगितला,
निळ्या पेनने खुणा केल्या,
मी खडूने करतो तशा, बाही कापायच्या आधी.
प्रत्येक खुणेवर एक थेंब, एक टोच.
पंधरा मिनिटं खाजवायचं नाही.
कापूस : काही नाही.
धूळ : जराशी.
सातव्या खुणेवर मात्र गांध उठली,
शर्टाच्या बटणाएवढी.
"घरी मांजर आहे?"

आहे.
मे महिन्यात कूलरच्या स्टँडखाली सापडलेली,
जिथे पाणी ठिबकतं नेमकी तिथे.
लालभडक, वर तेलाचा तवंग असावा तशी चमक,
म्हणून पोरीनं नाव ठेवलं तर्री.

बाई म्हणाल्या, केसांचं नाही हो एवढं.
ती अंग चाटते, लाळ वाळते,
कातडीचा कोंडा होतो, उडतो,
भिंतीला बसतो, उशीत शिरतो.
आज मांजर दिली कुणाला
तरी सहा महिने घरात राहतो.
द्यायची नसेल तर लिहून घ्या.
मी बिलबुकाच्या पाठीवर लिहून घेतलं.

द्यायचा विषय मी घरी काढलाच नाही.

शकुन माझ्याशी सरळ बोलत नाही.
भांडण असं कधी झालं नाही,
पोरगी पुण्याला गेली
आणि हळूहळू तसं झालं.
ती तर्रीला सांगते,
"तर्रे, सांग बाप्पा त्यायले, चहा थंडा होऊन राह्यला."
मीही तर्रीलाच सांगतो,
"म्हणावं येतो, एवढं काज होऊ दे."
तर्री दोघांकडे बघते,
शेपटी उभी करून निघून जाते.
निरोप पोचतो.

रविवारी गालिचा गेला, लग्नात आलेला.
भंगारवाल्याने काट्यावर घातला,
चार किलो निघाला, दोन किलो मांजरच असेल.
चादरी कढत पाण्यात.
झाडू बंद, ओलं फडकं.
कूलरच्या गवताच्या जाळ्या बदलल्या,
जुन्यांत केस असे गुंतले होते
जसा बॉबिनखाली धागा.
गादीला, उशांना घट्ट विणीच्या खोळी शिवल्या,
चारी बाजू बंद, चेन, चेनीवर पट्टी.
एवढं नेटकं काम नवरदेवाच्या कोटालाही केलं नव्हतं.
ब्रश शकुन करते, गच्चीवर,
वारा कामठीकडे असेल तेव्हा.

आणि झोपायच्या खोलीचं दार लावायचं.

पहिल्या रात्री तर्रीने दार ओरबाडलं.
आत आम्ही दोघं,
खोळ घातलेल्या, कुरकुरणाऱ्या गादीवर.
शकुन सवयीने म्हणाली, "तर्रे..."
आणि थांबली.

बऱ्याच वेळाने अंधारातून आलं,
"पाणी ठेवलं उशाशी."
नाव कुणाचंच नव्हतं.
मी म्हणालो, "हो."
मग वाटलं 'हो' तोकडं झालं, बाहीसारखं,
म्हणून जोड दिला,
"पंखा लावू का?"
"कूलर चालू हाये न."
"हो की."

छाती अजून वाजते. कमी.
आज एकोणिसावा दिवस.
चादरीवर काल एक केस दिसला, लाल,
मी चिमटीत धरून दिव्यापाशी नेला
आणि का कोण जाणे, फेकायला वेळ लावला.

आत्ता दाराखालच्या फटीतून
एक पंजा आत आलाय,
फरशी चाचपतोय.

"आली पाहा," शकुन म्हणते.
मला म्हणते.