डबा आणि सांबार

पहिल्या सकाळी हेडाऊ काकू म्हणाल्या,
"पोट्टेहो, कोपऱ्यावरून सांबार घेऊन या बरं."
आम्ही स्टीलचा डबा धुतला,
झाकण गळत नाही ना, ते पाणी घालून पाहिलं,
आणि वेंगुर्ल्याची सात माणसं
एका डब्यामागे इतवारीच्या गल्लीत निघालो.

भाजीवाल्यानं डब्यात पाहिलं, मग आमच्याकडे,
मग पलीकडच्या टोपलीवाल्या बाईकडे.
"कुठून येऊन राहिले, बाप्पा?"
आणि कोथिंबिरीची जुडी डब्यात उभी केली,
फुलदाणीत ठेवावी तशी.
पैसे घेतले नाहीत.
हसण्यातच फिटले, म्हणाला.

सरांनी दिलेले फॉर्म पिशवीत होते.
प्रश्न क्रमांक चार :
स्थानिक समुदायाचे मुख्य वैशिष्ट्य (दोन ओळींत).
इम्तियाजनं लिहिलं : कोथिंबिरीला सांबार म्हणतात.
दुसरी ओळ रिकामी.

रात्री समाजभवनाच्या फरशीवर
कुणालाच झोप नाही.
गाज नसली की कान नुसते उघडे राहतात, दारासारखे.
मग मागच्या घरातून
खट खटाक, खट खटाक,
गल्लीत उरलेला एकमेव माग.
"भरती इली रे," झिलू अंधारात म्हणाला,
आणि एकेक जण त्या लाटेवर झोपला.
मी जागी होते.
लाटांच्या मधेमधे कुणीतरी खोकत होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली.
बांबूची, कागदाची, दुमजली घराएवढी बाई,
पुढे दोन पोरं काठ्यांनी विजेच्या तारा उचलत,
आणि सगळा रस्ता एका तोंडानं ओरडत :
घेऊन जा गे मारबत!
महागाई घेऊन जा, डेंग्यू घेऊन जा,
नळाचं गढूळ पाणी घेऊन जा.
एक म्हातारा सुनेचं नाव घेऊन ओरडला,
सून शेजारीच उभी, तीही ओरडली, सासऱ्याचं.
रोझीनं डोळे मिटून काहीतरी म्हटलं,
ते ढोलात गेलं. विचारलं तर म्हणाली, गेलं ना आता.

मी तोंड उघडलं.
माझ्याकडे द्यायला काही नव्हतंच असं नाही,
पण एवढ्या लोकांत पहिल्यांदाच
कुणी माझ्याकडे पाहुणी म्हणून बघत नव्हतं,
आणि घाईत तोंडातून निघालं,
"प्रश्न क्रमांक चार घेऊन जा!"
आजूबाजूच्या दहा-बारा जणांनी
काय ते न विचारता
माझ्यासाठी तेच ओरडून दिलं.

काकू ओरडल्या नाहीत.
त्यांनी कमरेची पिशवी सोडली,
गर्दीतून वाकून वाट काढली
आणि मारबतीच्या घागऱ्यात
दम्याचा एक रिकामा पंप खोचला.
"तीस वर्षं सूत गिळलं मानसानं," एवढंच.

संध्याकाळी लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार.
आमच्याही दारात आली, समाजभवनाच्या!
बोजारा म्हणजे काय ते कळेपर्यंत
आमची सगळी चिल्लर संपली होती,
मग रोझीच्या पर्समधल्या काजूगराच्या पुड्या गेल्या.

रात्री दूर कुठेतरी जळून मारबतीची राख झाली असेल.
आम्ही कान लावून पडलो.
खट खटाक, खट खटाक.
आणि खोकला.
कुणी काही बोललं नाही.
झिलूनं नुसती कूस बदलली.

निघताना काकूंनी डबा भरून दिला,
वर्धा येईस्तोवर उघडायचा नाही म्हणाल्या.
आम्ही अजनीलाच उघडला.
सांबारवड्या. सातजणांत एकवीस.

घरी आई भांडी लावताना थांबली.
"ह्यो डबो कोणाचो गो?"
बुडाशी तिचं नाव नव्हतं.
टोचणीनं कोरलेलं : श्री. वामन गणपत हेडाऊ,
खाली लग्नाची तारीख, अर्धी घासली गेलेली.
आमचा डबा तिकडेच राहिला.

फॉर्म जमा केला, चौथ्याची दुसरी ओळ तशीच.
डबा परत करायचा आहे.
रिकामा कसा करायचा, म्हणून आई
सुक्या बांगड्यांचा वास त्याला लागेल का
याचा विचार करते आहे.