रिजेक्शन

खानापूरच्या फाट्यावर माझं गॅरेज.
मागच्या फळीवर सात वॉटर पंप ठेवलेत,
एकाच मॉडेलचे, एकाच जागी तडकलेले:
फ्लँजच्या खाली, मानेपाशी.
प्रत्येकावर खडूनं लिहिलंय, किती पळाला.
एकसष्ट हजार. अठ्ठावन्न. चौसष्ट. पुन्हा अठ्ठावन्न.
वॉरंटी पन्नासला संपते.

आज आठवा आला.
नंदगडच्या फिलोमिना नर्सबाईंची गाडी
लोंढ्याच्या रस्त्याला वाफ सोडत उभी होती,
ट्रॅक्टरला दोरी लावून आणली.
बाईंनी बेळगावच्या शोरूमला फोन लावला.
पोरगी आधी कन्नडमधी बोलली, मग हिंदीत,
शेवटी मराठीत.
तिन्ही भाषांत मुदत संपलेली.

"माझं काय चुकलं, भैरू?
पाणी बघत होते, ऑइल वेळेला बदललं,
पावत्या सगळ्या बायबलच्या कव्हरात आहेत."

टायर झिजला तर तुमचा, म्हटलं.
ब्रेकचं लायनर गेलं तर तुमचं.
क्लचवर पाय ठेवून चोर्ल्याचा घाट चढलासा
तर तेबी तुमचंच, मी भांडणार नाही कुणाशी.
खरं झिजणं वेगळं आणि तडकणं वेगळं, बाई.
आठ जणांचं एकाच जागी दुखतंय
तर ते दुखणं त्या आठांचं नसतंय.

हे मी ऐकीव सांगत नाही.
उद्यमबागेत अकरा वर्षं मोल्डर होतो.
मनगटावरचा हा डाग तिथला,
थेंबभर लोखंड उडालं होतं.
हीच पंपाची बॉडी ओतत होतो आम्ही.
मानेला भिंत अशी बारीक
की आमचा फोरमन कल्लाप्पा बोट लावून म्हणायचा,
इथं जरा मांस पाहिजे होतं रे.
मालकांनी कंपनीला कळवलं.
एका ओळीत उत्तर आलं:
ड्रॉइंगप्रमाणं ओता.
ओतलं.

आणि आमच्या हातून चुकून
एखाद्या कास्टिंगला मोहरीएवढं भोक निघालं
तर ते लाल क्रेटमधी माघारी यायचं,
सोबत डेबिट नोट:
मालाचे पैसे, मशिनिंगचे पैसे, येण्याजाण्याचं भाडं.
सहा महिन्यांनी आलं तरी घ्यावं लागायचं.
कल्लाप्पा कधी कुरकुरला नाही.
चूक आपली, खर्च आपला, म्हणायचा,
आणि घणानं फोडून परत भट्टीत.

तो नियम मला पटला होता.
अजून पटतो.
खरं तो मलप्रभेसारखा
खालच्या अंगालाच का वाहतो,
ते अकरा वर्षांत कळलं नाही.

बाई जुन्या टायरवर बसल्या होत्या.
बऱ्याच वेळानं म्हणाल्या,
"लशीची बॅच खराब निघाली म्हणून कळलं
तर आम्ही रजिस्टर काढतो.
पोर कुठल्या गावचं, कुठल्या गल्लीतलं.
कणकुंबीच्या पलीकडं गाडी जात नाही,
तिथं जळवा काढत चालत जातो.
पोराला विचारत नाही,
टोचून किती दिवस झाले,
किती किलोमीटर चाललास."

नवा पंप बसवला.
तोच नंबर, तीच मान.
पंपाचे पैसे घेतले, मजुरी नको म्हटलं;
बाईंनी ती मोजून स्टूलावर ठेवली,
वर पाना ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

मग पर्समधनं वही काढली,
मागच्या पानावर पट्टीशिवाय रेघा मारल्या.
"सांग त्या सात जणांची नावं."
सांगितली. बिडीचा माल नेणारा नागाप्पा,
इटगीचे मास्तर, जांबोटीचा केटरिंगवाला,
गाडीचे नंबर, खडूचे आकडे.
शेवटचा रकाना त्यांनी मोकळा ठेवला.
तो कुणी भरायचा, मी विचारलं नाही.

आठवा पंप अजून गरम होता.
बनियनच्या चिंधीत धरून उलटा केला,
बुडाची काजळी अंगठ्यानं पुसली.
हीट नंबर वर आला,
पाच वर्षांपूर्वीचा मार्च, दुसरी पाळी.

त्या महिन्यात दुसऱ्या पाळीला मीच होतो.
तेबी लिहा, म्हटलं.