उतार

एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते मी.
कालवे काढले, पोटचाऱ्या काढल्या,
श्वास रोखून, शाईचा थेंब न सांडता.
पाणी मात्र पाहिलं नाही कधी.
पाणी म्हणजे निळी पेन्सिल.

आता गोडोलीत, किल्ल्याच्या पायथ्याला
दोन गुंठे, त्यात घर.
मागची बाजू ह्यांनी शहाबादी घालून घेतली,
चिखल नको म्हणून.
ते गेले. फरशी राहिली.

परमाकल्चरच्या शिबिरात तो दाढीवाला मुलगा म्हणाला,
पहिलं वर्ष काही लावू नका. फक्त बघा.
बाराशे रुपये भरून हे?
पण हाताला सरकारी सवय. वही घातली.

१४ डिसेंबर. ऊन मोरीपाशी नऊ वाजून दहा मिनिटांनी.
साडेचारला किल्ल्याची सावली दोरीवरच्या टॉवेलवर.
२ फेब्रुवारी. कढीपत्ता पूर्वेला झुकलेला.
म्हणजे वारा आजचा नाही, रोजचा आहे.
९ एप्रिल. मुंग्या भिंतीकडून पायरीकडे. कारण कळलं नाही.
११ जुलै. फरशीवरचं सगळं पाणी
चार मिनिटांत निकमांच्या भिंतीला.

चार मिनिटं. घड्याळ लावून.

निकम अकरा वर्षं सांगत होते, ओल येते.
अकरा वर्षं मी म्हणत होते,
तुमचं प्लास्टर कच्चं.

त्या दिवशी वहीत पुढे काही लिहिलं नाही.

भांडी घासायला येते ती शेवंता ढेबे, कासकडची.
तिला मी झोन समजावले, नकाशा उलगडून:
रोज लागतं ते दाराशी,
वर्षातून एकदा लागतं ते कुंपणाशी.
ती तवा घासत म्हणाली,
मग काय, कोथिंबिरीला एस्टीनं जायचं व्हय?

त्रेचाळीस फरश्या काढल्या. खाली माती
दाबून ठेवलेल्या कपड्यासारखी, कोंदट, पांढुरकी.
तीन काठ्यांची घोडी बांधली,
मधोमध दोरी, दोरीला दगड.
दगड डोलायचा, मी थांबायचे,
थांबला की चुन्याची खूण.
मला सरळ रेषा हवी होती, तीस सेंटिमीटरच्या पट्टीची.
जमिनीला ती मान्य नव्हती.
खुणा जोडल्या तर शेवंता खो खो हसली,
बैल मुतल्यागत आलीया.

तशीच खणली. गुडघ्याएवढा चर,
खालच्या अंगाला मातीचा बांध.

मोरीचं पाणी केळीला वळवलं, केळीखाली अळू, हळद.
हे बरोबर आलं. बाकीचं विचारू नका.
उसाचं पाचट टेम्पोभर आणून पसरलं,
पपईच्या बुंध्याला उबेसाठी लपेटलं.
बुंधा कुजला.
पाचटाखाली गोगलगायींनी संसार थाटले
आणि वाघ्या घेवड्याची एकवीस रोपं
एका रात्रीत देठांवर आणली.
दाढीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, बघा.
मी फोन ठेवला.
मग कंदील घेऊन बाहेर गेले
आणि बघितलं, रात्री दोनपर्यंत,
त्या कुठून येतात, कुठे ओलावा धरतात,
किती हळू, किती सरळ जातात.
माझ्या रेषांपेक्षा सरळ.

दुसऱ्या जुलैत चर भरला.
पाणी बांधापाशी आलं, जरा वळून पाहिलं,
आणि थांबलं.
मी छत्री धरून उभी, साडी पोटरीपर्यंत भिजलेली.
गढूळ होतं. त्यात एक चप्पल तरंगत होती, माझीच.
निळं नव्हतं.
सकाळपर्यंत चर रिकामा,
आणि वाहून कुठेच गेलेलं नाही.

१९ ऑगस्ट. निकम फाटकाशी.
तळवा भिंतीला लावून बराच वेळ उभे, ताप बघावा तसे.
म्हणाले, वाळतीय बहुतेक.
मी म्हणाले, प्लास्टर चांगलंच असणार तुमचं.
कुणी कुणाकडे बघितलं नाही.
संध्याकाळी शेवग्याचा दांडा घेऊन आले, मनगटाएवढा.
भिंतीपासून लांब लावा,
असं तीन वेळा बजावून गेले.