एकोणतीस तारखेचा शब्द

पाचवीत असताना फाकुंदो इरिआर्ते म्हणाला,
तुझा बाप न्योकी.
मी हसले.
मला ठाऊक होते ते न्योकी उकडलेल्या बटाट्याचे,
काट्याच्या पाठीवरून अंगठ्याने सरकवलेले,
प्रत्येकाच्या अंगावर चार रेघा.

बाहिया ब्लांकात वारा असा सुटायचा
की दोरीवरचे सदरे हात वर करून शरण यायचे.
एकोणतीस तारखेला घरोघर न्योकी,
महिनाअखेर म्हणे बटाटाच उरायचा,
आणि ताटाखाली एक नोट,
पुढच्या महिन्याला बरकत यावी म्हणून.

दुसरा अर्थ न्हाव्याने सांगितला.
कचेरीत जो एकोणतीसलाच उगवतो,
सही करतो, पाकीट घेतो, मावळतो,
तो न्योकी.
सांगताना तो आरशातल्या बाबांकडे बघत नव्हता.

मामाने चिकटवलं होतं त्यांना नगरपालिकेत.
दिवाबत्ती खातं, सहायक निरीक्षक.
पहिल्या दिवशी चार पेन्सिलींना टोक काढून गेले,
तासाभरात परत.
एर्मिंदाबाई म्हणाल्या होत्या, बसायला जागा कुठाय,
एकोणतीसला या.

लोक म्हणत, खुर्ची उबवतो फुकटची.
अहो, उबवायला आधी खुर्ची लागते.

जुलैच्या थंडीत एका सकाळी
बाबांनी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली
आणि बसमध्ये चढले.
ड्रायव्हर म्हणाला, हिचं तिकीट?
त्यांनी काढलं.
दुपारी खुर्ची घेऊन आले, चालत,
एक पाय लचकलेला. खुर्चीचा.
आईने काही विचारलं नाही. पाणी उकळत ठेवलं.

न्योकी आधी तळाशी जातात.
शिजले की आपसूक वर येतात, तरंगतात.
ज्याने हा शब्द माणसाला चिकटवला
त्याने तेवढंच पाहिलं असावं.
त्याआधीचे आईचे तीन तास,
पिठाने पांढरी झालेली कोपरं,
ती कुठल्या शब्दात गेली?

परवा माळ्यावर बाबांची वही सापडली.
रोज रात्री ते सिगारेट आणायला जायचे,
एवढंच आम्हाला माहीत.
दोनादो रस्ता, तिसरा खांब, बंद.
शाळेमागे, दोन, फुटलेले.
पुलाजवळचा लुकलुकतो.
एकोणीस वर्षं, पेन्सिलीने,
कुणी मागितली नव्हती ती यादी.

एकोणतीस तारखेची पानं तेवढी कोरी.
त्या दिवशी ते कामावर जात.